कल्ट कोणता, ते घासलेल्या टेपला विचारा

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत नाताळच्या सुट्टीत बघायच्या दहा सिनेमांची यादी आली होती. कल्ट, भयपट आणि ‘हॉलिडे मूव्ही’ असे तीन रकाने. दहापैकी नऊ इंग्रजी, एक हिंदी. मराठीच्या नावानं भोपळा. तरी मी ती यादी कापून ठेवली, कारण नात पुण्याहून सुट्टीला यायची होती आणि तिला दहा दिवस गुंतवून ठेवायचं काम माझ्याकडं होतं. ती आली, यादीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, “यातले चार बघितलेत आजोबा. पण कल्ट म्हणजे नक्की काय?”

पुरवणीत त्याचा अर्थ दिलेला नव्हता. मग मीच दिला. तो बरोबर आहे का, हे आपण आणि वाचकांनी ठरवावं म्हणून हे पत्र. जरा लांबलंय. जागा कमी पडली तर हवी तिथं कात्री लावा, फक्त बाहुलीची गोष्ट राहू द्या.

आधी माझी ओळख. १९८७ पासून २००३ पर्यंत मी भिलवडीत व्हिडिओ लायब्ररी चालवली. दहा बाय बाराचं दुकान, तीन भिंतींना फळ्या आणि भरभराटीच्या दिवसांत साडेसहाशे कॅसेटी. व्हीसीआर आणि कलर टीव्हीही रात्रीच्या भाड्यानं द्यायचो. टीव्ही गोधडीत गुंडाळून एम-एटी गाडीच्या मागं बांधायचा आणि धरायला एक पोरगं बसवायचं. दिवाळीचे चार दिवस आणि अख्खा मे महिना बुकिंगच्या वहीत रेघ ओढायला जागा नसायची. मी काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. थेटरात कॅमेरा लावून काढलेल्या, मध्येच कुणीतरी लघवीला उठून पडद्यासमोरून जाणाऱ्या कॅसेटीही आमच्या फळीवर होत्या. आता वय झालं, कबूल करायला हरकत नाही.

कॅसेट परत आली की मी ती एकदा लावून बघायचो. तुटलेली टेप पोरं सेलोटेपनं चिकटवून गुपचूप परत करायची, आणि ती सेलोटेप पुढच्या गिऱ्हाइकाच्या व्हीसीआरच्या हेडचा सत्यानाश करायची, म्हणून लागलेली ही सवय. त्या बघण्यात एक गोष्ट ध्यानात आली. टेप सगळीकडं सारखी घासत नाही. एखादी जागा लोक मागं घेऊन घेऊन बघतात. तिथं ती ढिली पडते, वरचा तपकिरी थर उडतो आणि पडद्यावर मुंग्या येतात. पॉज करून ठेवली तर आणखी वाईट. चित्र थांबलेलं दिसतं, पण आतला हेडचा ड्रम त्याच एका जागेवर मिनिटाला दीड हजार फेरे मारत असतो. कुठल्या पिक्चरच्या कुठल्या जागी मुंग्या येणार, हे मला तोंडपाठ झालं होतं.

नातीला मी तेच सांगितलं. पडेल पिक्चरची टेप वर्षभर नवीकोरी राहते. हिट पिक्चरची सगळीकडून सारखी झिजते. कल्ट पिक्चरची ठरावीक जागी झिजते, आणि अंकलखोपच्या गिऱ्हाइकानं झिजवलेली जागा माळवाडीच्या गिऱ्हाइकाचीही तीच असते.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. माझ्याकडं त्याच्या एकामागून एक पाच कॅसेटी संपल्या आणि पाचही तीन ठिकाणी घासल्या. एक म्हणजे ‘हा माझा बायको पार्वती’. दुसरी जागा डोहाळजेवणाच्या गाण्याची. गावात कुणाच्या सुनेला सातवा लागला की ती कॅसेट दोन दिवस परत यायची नाही. बायका गाणं तेवढं लावायच्या, मागं घ्यायच्या, पुन्हा लावायच्या. तिसरी जागा सत्तर रुपयांची. ज्यांना कळलं त्यांना कळलं. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मधली, हे मला माहीत आहे. त्याचीही एक कॅसेट होती माझ्याकडं. शेवटपर्यंत नवी राहिली. वसंत सबनीसांनी त्या कल्पनेला पुण्याचं पाणी पाजलं आणि ती इथली झाली.

आजोबा आणि नातीत असं ठरलं, की एक रात्र तिच्या यादीची, एक रात्र माझ्या.

पहिल्या रात्री तिनं १९९० चा ‘होम अलोन’ लावला. मी पूर्वी बघितलेला होता, पण या वेळी एक जागा नव्यानं दिसली. घरात एकटा राहिलेला पोरगा पिझ्झावाल्याची गाळण उडवतो ती कशानं? व्हीसीआरनं! जुन्या काळ्यापांढऱ्या गुंडपटाची कॅसेट घालतो, संवाद आला की पॉज, उत्तर आलं की परत प्ले. गंमत म्हणजे तो गुंडपट जुनाबिना नाहीच, याच सिनेमासाठी मुद्दाम चित्रित केलेला आहे. मी नातीला म्हटलं, बघ, टेप अशी घासते. चोरांचे हाल मात्र फारच लांबवलेत असं माझं मत. तिला नेमकं तेवढंच आवडलं.

दुसऱ्या रात्री माझा ‘झपाटलेला’. १९९३ चा, महेश कोठारेंचा. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटातून आली आहे, उगाच नंतर इंटरनेटवर शोधून आजोबांना खिजवू नकोस. पण तो बाहुला रामदास पाध्यांच्या हातचा आहे. त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्यांनी, जो अर्धवटराव बोलता केला त्यानं मराठी घरांतल्या तीन पिढ्या हसवल्या. त्याच घराण्यातून तात्या विंचू निघाला, आणि त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज मिळाला. म्हणून तो हसवतो आणि घाबरवतो ते एकाच दमात. नातीनं आधीच मोबाइलवर २०२४ चा ‘मुंज्या’ बघितलेला होता. ती म्हणाली, “मुंज्याला मी घाबरले नाही, तो कॉम्प्युटरचा आहे हे कळतं. हा खरंच त्या खोलीत आहे ना.” मी एवढी वर्षं कॅसेटी भाड्यानं दिल्या, पण हे मला सुचलं नव्हतं. बाहुल्यावर त्याच खोलीतल्या बल्बचा उजेड पडतो, त्याची सावली लक्ष्याच्या अंगावर पडते. डोळ्याला ते कळतं, डोक्याला कळायच्या आधी.

‘मुंज्या’बद्दल एक तक्रार आहेच. पिंपळ आमचा, कोकण आमचं, मुंज होऊन लग्नाआधी मेलेला पोरगा आमचा, दिग्दर्शक आदित्य सरपोतदारही आमचेच, आणि भूत बोलतं हिंदीत. पैशाचं गणित मला कळतं, मी धंदा केलेला माणूस आहे. पण याच दिग्दर्शकांनी २०२२ मध्ये ‘झोंबिवली’त अख्ख्या डोंबिवलीभर झोंबी मराठीतून पळवले होते, आणि तो बघताना मला जास्त मजा आली.

आता यादीतल्या एका सिनेमासाठी मी आपले आभार मानतो, कारण तो मी आजवर बघितला नव्हता. फ्रँक काप्रांचा १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. नातीनं काळापांढरा म्हणून नाक मुरडलं आणि अर्ध्या तासात झोपली. मी आणि बायको जागे राहिलो. एका लहान गावात घरांसाठी कर्ज देणारी छोटी संस्था चालवणारा माणूस. अफवा उठते आणि ठेवीदार दारात गर्दी करतात. नुकतंच लग्न झालेलं, मधुचंद्राला निघालेला असतो, तो परत येतो. लोकांना सांगतो, तुमचा पैसा इथं तिजोरीत नाही, तो शेजारच्याच्या घराच्या भिंतीत आहे. आणि मग मधुचंद्रासाठीचे दोन हजार डॉलर काउंटरवर ठेवून ज्याला जेवढी नड तेवढे वाटत सुटतो. संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी दोन डॉलर उरतात.

संपादकसाहेब, मी अशा रांगेत उभा राहिलेलो आहे. आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली तेव्हा. सकाळी सहापासून, डबा घेऊन. आत कुणी दोन डॉलर घेऊन बसलेलं नव्हतं. शिपाई होता, त्यालाही तीन महिने पगार नव्हता. लायब्ररी बंद केल्यावर जुनं सामान विकून जे आले होते ते त्यात होते. त्यामुळं तो प्रसंग चालू असताना बायकोनं टीव्हीकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. आपण त्याला ‘नाताळचा गोड सिनेमा’ असं लिहिलंय. सिनेमात माणूस जीव द्यायला पुलावर जातो, हे तेवढं लिहायचं राहिलं.

त्या सिनेमाची पुढची गोष्ट तर माझ्या धंद्यातल्या माणसानं पाटीवर लिहून ठेवावी अशी. थेटरात त्याचा खर्चही निघाला नव्हता. १९७४ साली कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि टीव्हीवाल्यांना तो फुकटात मिळाला. फुकट म्हणून प्रत्येक नाताळात सगळीकडं तोच. दरवर्षी बघून बघून तो लोकांचा झाला. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चंही तसंच. आयत्या वेळी नाव बदललं आणि नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळच टाकायची राहिली. आज झोंबी म्हणून जे काही जगात चालतं ते त्या एका राहिलेल्या ओळीमुळं गावोगाव पोचलं. मराठी सिनेमे फुकट वाटा असं मी म्हणत नाही. निर्मात्याच्या पोटावर पाय देऊन मी सोळा वर्षं जेवलो, आता पुन्हा नको. पण सिनेमा पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आला नाही तर टेप घासणार कशी, एवढंच विचारतो.

(आणखी एक. त्या सिनेमातलं बर्फ ऐन उन्हाळ्यात तयार केलेलं आहे. आधी पडद्यावरचं बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स असायचे, पायाखाली कुरकुरायचे आणि संवाद ऐकू यायचे नाहीत. यांनी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी मिसळून बिनआवाजाचं बर्फ केलं. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, “मग नायकाला घाम आलाय तो खराच म्हणा की.”)

यादीतला ‘ब्लॅक ख्रिसमस’ आम्ही नात झोपल्यावर लावला. १९७४ चा, कॅनडातला. मुलींच्या वसतिगृहात अश्लील फोन येत राहतात आणि एकेक मुलगी नाहीशी होते. सोबतीला आमचे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले मित्र होते. त्यांना भुताखेतांचं काही नसतं, पावशेर भडंग घेऊन निवांत बसले होते. फोन कुठून येतोय हे शोधण्यासाठी एक्स्चेंजमधला माणूस यंत्रांच्या रांगांमधून वर-खाली पळतो, एकेका स्विचला हात लावत मागं मागं जातो, तो प्रसंग आला आणि ते खाटेवरून उठून उभेच राहिले. “हे खरंय! आम्ही असंच पळायचो!” मग पुढचा अर्धा तास त्यांनी आम्हाला जुनं, स्विचांचं स्ट्रोजर एक्स्चेंज कसं टकटकतं ते सांगितलं आणि दोन खून आमच्या नकळत होऊन गेले. याच दिग्दर्शकानं, बॉब क्लार्कनं, पुढं १९८३ मध्ये ‘अ ख्रिसमस स्टोरी’ नावाचा लहान मुलांचा, हवाहवासा नाताळपट काढला. त्या भल्या माणसाचं नाताळशी वैर होतं की प्रेम, कळत नाही.

भयपटांच्या रकान्यात रक्त, सुरे आणि अंधार सोडून काही नाही, म्हणून मी माझ्या रात्री ‘लपाछपी’ लावला. विशाल फुरियांचा, २०१७ चा. पूजा सावंत आणि उषा नाईक. पोटुशी बाई, उसाच्या मधोमध एकटं घर आणि भर दुपारचं ऊन. याच दिग्दर्शकांनी तो २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला. ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत बघितला आहे त्यांना त्यातली भीती अर्धीच लागेल. बारा महिन्यांचा ऊस डोक्याच्या वर गेला की आत हवा हलत नाही. पात्याची धार हाताला लागते ती नंतर घाम आला की कळते. चार सऱ्या आत गेलं की बांध कुठल्या बाजूला ते सांगता येत नाही, आणि आपल्या पुढं चालणाऱ्या माणसाचा नुसता सळसळाट ऐकू येतो. तो आपलाच माणूस आहे, असं आपण धरून चालतो. या सिनेमानं ते धरून चालणंच काढून घेतलं.

माझे मेहुणे पक्के शेतकरी. आयुष्यभर उसातच. शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीची, म्हणजे बारा वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचं. सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा झाले होते. मेहुणे म्हणाले, “आज ऱ्हाऊ दे. जमिनीला वल हाय अजून.” बहिणीनं दुसऱ्या दिवशी मला फोन करून सुनावलं, जमीन भेगाळलीय म्हणून.

‘तुंबाड’ मी यादीतून बाद केला नाही. तो एकच हिंदी आणि तो असायलाच हवा होता. पण त्याची हकिगत आपण दिली नाहीत. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये आला आणि फारसं कुणाला कळायच्या आत गेला. १३ सप्टेंबर २०२४ ला, ऐन गणपतीत, तो पुन्हा थेटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो घरोघर, मोबाइलवर, एकमेकांना सांगून बघितला होता. टेप घासली होती म्हणा. मूळ प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची आणि नाव श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’मधलं, म्हणजे दोन्ही खांब मराठी पुस्तकांचे. वाचनालयात धारपांची पुस्तकं कशी फाटलेली असायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे नवल नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही तो सांगलीत थेटरात बघितला. बाहेर ढोलाचा दणदणाट, आत पडद्यावर पाऊस. तो पाऊस काही नळाचा वाटत नाही, अनेक पावसाळे थांबून चित्रण केलेलं आहे. कृष्णाकाठच्या माणसाला त्यातल्या हस्तर या दैत्यापेक्षा तो पाऊसच जास्त भिववतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या घरात साडेआठ फूट पाणी होतं. लाकडी कपाटात जपून ठेवलेल्या तीनशेच्या वर कॅसेटी होत्या. पाणी ओसरल्यावर कपाटाचं दार उघडेना, फळ्या फुगून बसलेल्या. कुऱ्हाडीनं उघडलं. प्रत्येक कॅसेटच्या काचेतून आत चिखल दिसत होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दिल्या. सिनेमात विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो तेव्हा थेटरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती, आणि माझी बायको माझ्या कानात म्हणाली, “कणीक सैल भिजवलीय. एवढ्यात आठ पोळ्या झाल्या असत्या.” पुढच्या रांगेतला एक पोरगा वळून हसला. नंतर त्या कणकेचं काय होतं ते बघून मात्र ती घरी येईपर्यंत बोलली नाही.

आपल्याकडची भुतं सगळीच अशी नाहीत, हेही यादीत यायला हवं होतं. १९८२ चा ‘एक डाव भुताचा’ घ्या. द. मा. मिरासदारांची लेखणी, अशोक सराफ भूत आणि दिलीप प्रभावळकर मास्तर. ते भूत माणसाच्या उपयोगी पडतं. नातीला तो इतका आवडला की मध्ये एकदाही मोबाइल उचलला नाही. माझ्या लेखी हा सुट्टीचा सिनेमा. घरात चौदा माणसं, एक मोरी, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी हसू यायला हवं आणि कुणाला उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटता कामा नये. बर्फ आणि सांताक्लॉज लागत नाही त्याला.

माझ्या लहानपणी हा सुट्टीचा सिनेमा रस्त्यावर असायचा. गणपतीत मंडळं दोन बांबूंना पांढरं कापड बांधून पिक्चर दाखवायची. पुढं जागा मिळाली नाही की आम्ही पोरं कापडाच्या मागं बसायचो. ‘हा खेळ सावल्यांचा’ हा १९७६ चा वसंत जोगळेकरांचा सिनेमा मी पहिल्यांदा असा मागून बघितला. नावं उलटी, वाचता येईनात. काशिनाथ घाणेकरांचा भांग उलट्या बाजूला. वाऱ्यानं कापड फुगलं की आशा काळेंचा चेहरा हळूच पुढं यायचा आणि मागं जायचा, आणि ती भीती कुठल्याच दिग्दर्शकानं घातलेली नव्हती. पुढं दुकान काढल्यावर तोच सिनेमा सुलट्या बाजूनं बघितला तर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. ‘गोमू संगतीनं’ मात्र कुठूनही ऐका, तेच.

आता गाऱ्हाणं. नातीच्या शेवटच्या रात्री ‘बनवाबनवी’ ठरला होता. एका वाहिनीवर तो लागणार होता, म्हणून सगळे वेळेवर जेवून बसलो. चौकोनी चित्र नव्या रुंद टीव्हीवर भरायला आडवं ताणलेलं, त्यामुळं लक्ष्या होता त्याच्या दीडपट आणि मुळात सडपातळ असलेली माणसंही बाळसं धरलेली. खाली जाहिरातीची पट्टी, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का. एवढंही चाललं असतं. पण डोहाळजेवणाचं गाणं आलंच नाही. आदल्या संवादावरून चित्र थेट पुढच्या प्रसंगावर. बायकोनं विचारलं, “गाणं?” मी म्हटलं, कापलं. जी जागा गावातल्या बायकांनी पाच कॅसेटींवर घासून घासून पांढरी केली, नेमकी तीच कापणाऱ्यानं काढून टाकली. त्याला ती नकोशी वाटली, की वेळेत बसवायची म्हणून गेली, देव जाणे. बायकोनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि गाणं स्वतः म्हटलं. अख्खं. नात मोबाइलवर रेकॉर्ड करत होती.

म्हणून दोन विनंत्या. पुढच्या दिवाळीत आपली यादी येईल तेव्हा तिच्यात एक रकाना मराठीचा असावा, वर्ष आणि दिग्दर्शकाच्या नावासकट, आणि सिनेमा नीट, न कापलेला कुठं बघायला मिळेल तेही द्यावं. दुसरी विनंती आपल्या मार्फत सांगली-कोल्हापूरच्या थेटरवाल्यांना. ‘तुंबाड’ दुसऱ्यांदा लागून चालतो हे त्यांनी बघितलंच आहे. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत सकाळच्या खेळाला आठवडाभर एकेक जुना मराठी सिनेमा लावून बघावा, चांगल्या प्रतीचा. पहिल्या दिवशी आमच्या घरची सहा तिकिटं धरून चाला. टेलिफोनवाले सातवे, भडंग त्यांचं.

राहिली बाहुलीची गोष्ट. ‘झपाटलेला’ची कॅसेट आली त्या साली आमच्या गल्लीतली एक बाई सकाळी सकाळी दुकानात आली. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. म्हणाली, “तुमच्या त्या पिक्चरपायी पोरगं दोन रात्री झोपलेलं नाही. ही घरात नको म्हणतंय. तुम्ही आणलंत, तुम्हीच सांभाळा.” गाठोड्यात जत्रेतली प्लास्टिकची बाहुली होती, डोळे मिटणारी, एक बूट नसलेली. रात्रीपुरती ठेवा म्हणाली होती. परत न्यायला कुणी आलं नाही. दुकान मोडलं तेव्हा ती घरी माळ्यावर गेली. २०१९ चं पाणी माळ्याच्या अर्धा फूट खाली थांबलं, त्यामुळं तीनशे कॅसेटी गेल्या आणि ही राहिली.

तो पोरगा आता चाळिशीला आलाय, पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. परवा नाताळच्या सुट्टीत गावी आला होता, स्वतःच्या लेकीला घेऊन भेटायला आला. मी माळ्यावरून गाठोडं काढलं, फडकं सोडलं आणि म्हटलं, घेऊन जा आता, पोरीला खेळायला होईल. त्यानं लांबूनच बघितलं. लेकीचा हात धरला.

“राहू दे काका,” म्हणाला. “तुमच्याकडंच बरी आहे ती.”

आपला,
एक माजी व्हिडिओवाला
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली